स्थलांतरितांच्या जहाजांवरील लहान मुले : ब्रिटन–ऑस्ट्रेलिया सागरी प्रवासाचा ऐतिहासिक अभ्यास (१८५२ ते १९७७)

गोषवारा

स्थलांतराच्या इतिहासात सागरी प्रवासाचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात आटोपला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात ब्रिटनहून ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या स्थलांतरितांच्या जहाजांवरील लहान मुलांचा व त्यांच्या मातांचा विचार केला आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मूल हे कायद्याच्या हिशोबात ‘अर्धा माणूस’ होते आणि मृत्यूच्या यादीत मात्र त्याची संख्या सर्वाधिक असे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेच मूल स्थलांतर धोरणाचा मुख्य हेतू बनले व त्याचे भाडे शासनाने भरले. या दोन्ही काळांत प्रवासातील बालसंगोपनाचे श्रम मातांनी उचलले आणि त्या श्रमांची नोंद शासकीय दप्तरात अत्यल्प झाली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलांतर, सागरी प्रवास, बालमृत्यू, दहा पौंड योजना, मौखिक इतिहास, भारतीय खलाशी.

प्रस्तावना

एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत युरोपातून कोट्यवधी माणसे समुद्रापलीकडे स्थायिक झाली. या घटनेचा अभ्यास प्रामुख्याने लोकसंख्या, मजुरी, जमीन व वसाहतींचे राजकारण या अंगांनी झाला आहे. दोन किनाऱ्यांमधील प्रवास हा जणू रिकामा काळ होता, असेच बहुतेक ग्रंथ वाचताना वाटते. परंतु कडेवर दहा महिन्यांचे मूल व हाताशी चार वर्षांचे मूल घेऊन निघालेल्या स्त्रीच्या दृष्टीने हा काळ रिकामा नव्हता. दूध, लंगोट, ताप, उकाडा आणि जहाजाचा कठडा यांच्याशी तिला दिवसरात्र सामना करावा लागे.

अटलांटिक महासागर वाफेच्या जहाजाने सात ते दहा दिवसांत ओलांडता येई. ऑस्ट्रेलियाचा प्रवास शिडाच्या जहाजाने सुमारे तीन महिन्यांचा होता आणि १९५० च्या दशकातही त्यास चार ते सहा आठवडे लागत. इतक्या दीर्घ काळात मूल आजारी पडणे, रांगू लागणे, चालायला शिकणे किंवा दगावणे हे सर्व समुद्रावरच घडू शकत असे. म्हणून बालकांसह प्रवासाच्या अभ्यासासाठी हा मार्ग विशेष उपयुक्त ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, स्थलांतरविषयक कायदे व योजना यांत लहान मुलाची गणना कशी होत होती, ते पाहणे. दुसरे, जहाजावरील निवास, आहार, आरोग्य व करमणूक यांच्या व्यवस्थेत मुलांचे स्थान तपासणे. तिसरे, या प्रवासाचा भारताशी, विशेषतः मुंबई, कोकण व गोवा यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे. यासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित इतिहासग्रंथ, कायद्यांतील तरतुदी व मौखिक इतिहासावर आधारित संशोधन यांचा आधार घेतला आहे.

‘अर्धा माणूस’ : शिडाच्या जहाजांचा काळ

ब्रिटिश संसदेने स्थलांतरित प्रवाशांच्या संरक्षणासाठी वेळोवेळी कायदे केले. त्यांपैकी १८५५ च्या प्रवासी कायद्यात ‘स्टॅट्यूट ॲडल्ट’, म्हणजे कायद्याने मानलेला प्रौढ, अशी संज्ञा आढळते. बारा वर्षे व त्यावरील प्रत्येक व्यक्ती एक प्रौढ आणि एक ते बारा वर्षांची दोन मुले मिळून एक प्रौढ, असा हिशोब होता. एक वर्षाखालील अर्भक या मोजणीतच येत नसे. जहाजावर किती माणसे घ्यावीत, प्रत्येकास किती जागा व किती शिधा द्यावा, हे सारे या एककावर ठरत असे. दोन मुलांना एका प्रौढाची जागा मिळे आणि अर्भकास आईच्या बिछान्यातील जागाच वापरावी लागे. १८९४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यातही हीच व्याख्या कायम राहिली.

हिशोबाची ही पद्धत मालकांना सोयीची होती, परंतु मुलांच्या प्रकृतीस ती मानवणारी नव्हती. शिध्यात मुख्य भर कडक बिस्किटे, खारवलेले मांस, ओटचे पीठ, तांदूळ व वाटाणे यांवर असे. नुकतेच दूध सुटलेल्या मुलास यांतील फारच थोडे पचे. आईस समुद्र लागल्यास तिचे दूध आटे, आणि अर्भकापुढे दुसरा पर्याय उरत नसे. खालच्या मजल्यावर हवा कोंडलेली असे. वादळात झडपा बंद झाल्या की अंधार व दुर्गंधी यांची भर पडे. गोवर, लाल ताप व अतिसार हे आजार अशा जागेत झपाट्याने पसरत. त्यामुळे प्रवासातील मृतांमध्ये अर्भके व लहान मुले यांचे प्रमाण मोठे असे.

१८५१ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात सोने सापडल्यानंतर मेंढपाळीच्या कामाला माणसे मिळेनाशी झाली. तोपर्यंत स्थलांतर आयुक्त फार लहान मुले असलेली मोठी कुटुंबे निवडण्याचे टाळत. मजुरांच्या टंचाईमुळे ही सावधगिरी सैल झाली. १८५२ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलजवळील बर्कनहेडहून ‘टायकोन्डेरोगा’ हे जहाज सुमारे ७९५ प्रवासी घेऊन निघाले. त्यांत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील मोठी कुटुंबे बरीच होती. जहाजावर टायफसची साथ पसरली व सुमारे शंभर माणसे वाटेतच मरण पावली. नोव्हेंबरमध्ये पोर्ट फिलिप येथे पोहोचल्यावर पॉइंट नेपियन येथील विलग्नवासात आणखी अनेक जण दगावले. या घटनेनंतर प्रवाशांचे दोन मजले असलेली मोठी जहाजे सरकारी स्थलांतरासाठी वापरण्याबाबत आयुक्त सावध झाले.

शासकीय खर्चाने जाणाऱ्या जहाजांवर एक वैद्य-अधीक्षक नेमलेला असे. त्याचे मानधन जिवंत उतरलेल्या माणसांच्या संख्येवर अवलंबून होते. ही व्यवस्था आज रुक्ष वाटली तरी तिचा परिणाम चांगला झाला. डेक धुणे, बिछाने उन्हात टाकणे, आजाऱ्यास वेगळे ठेवणे या गोष्टींचा आग्रह वाढला व प्रौढांचे मृत्यू लक्षणीय घटले. अर्भकांच्या बाबतीत मात्र सुधारणा फार हळू झाली.

याच काळात भारतातून करारबद्ध मजुरांची जहाजे मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद व नाताळ येथे जात होती. मुंबई बंदरातूनही मॉरिशसला मजूर गेले आणि तेथील मराठी भाषिक समाज त्यांचाच वंशज आहे. या जहाजांवरही दोन मुलांस एक प्रौढ मानण्याचे तत्त्व व जिवंत उतरलेल्या माणसामागे वैद्यास मानधन देण्याची पद्धत होती. तथापि परिणामांत मोठा फरक होता. १८५६-५७ च्या हंगामात कलकत्त्याहून वेस्ट इंडीजला गेलेल्या जहाजांवरील मृत्यूचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. १८५८ साली त्रिनिदादला गेलेल्या ‘साल्सेट’ या जहाजावर तीनशेहून थोड्या अधिक प्रवाशांपैकी १२० हून अधिक मरण पावले व त्यांत मुलांची संख्या मोठी होती. ‘साल्सेट’ हे आपल्या साष्टीचेच इंग्रजी रूप. एकाच साम्राज्याचा एकच हिशोब दोन समुद्रमार्गांवर लागू होता. परंतु निवड, देखरेख व उत्तरदायित्व यांत वर्णभेदाची दरी होती, हे या तुलनेवरून स्पष्ट होते.

वाफेची जहाजे

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला व १८७० च्या दशकाच्या अखेरीस ओरिएंट लाइनने ऑस्ट्रेलियाशी नियमित वाफेची जहाजसेवा सुरू केली. प्रवासाचा कालावधी निम्म्याहून कमी झाला. ताजी पावरोटी, गोठवलेले मांस व डबाबंद दूध जहाजावर मिळू लागले. बालमृत्यू घटण्यामागे औषधांइतकाच या घटलेल्या दिवसांचा वाटा होता. मात्र वर्गभेद कायम होता. मुंबईहून लंडनला जाणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांबरोबर भारतीय आया असत. प्रवास संपल्यावर यांपैकी अनेकींना निराधार सोडले जाई व त्यांच्यासाठी लंडनमध्ये आयांचे वसतिगृह चालविले जात असे. तिसऱ्या वर्गातील स्थलांतरित मातेस अशी मदतनीस नव्हती; ती स्वतःच आया, धोबीण व परिचारिका होती.

दहा पौंडांची योजना : मूल हाच हेतू

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास होती. जपानी आक्रमणाच्या भीतीने देशाला आपल्या विरळ वस्तीची जाणीव झाली होती. १९४५ मध्ये आर्थर कॉलवेल हे देशाचे पहिले स्थलांतर मंत्री झाले व ‘लोकसंख्या वाढवा, नाहीतर नष्ट व्हा’ या विचाराने मोठी मोहीम सुरू झाली. १९४६ मध्ये ब्रिटनशी करार झाला आणि ३१ मार्च १९४७ पासून साहाय्यित प्रवास योजना अंमलात आली. प्रौढास केवळ दहा पौंड, चौदा ते अठरा वर्षांच्या मुलास पाच पौंड व त्याहून लहान मुलास विनामूल्य प्रवास, अशी सवलत होती. पुढे एकोणीस वर्षांखालील सर्वांस विनामूल्य प्रवास मिळू लागला. मूळ भाडे शंभर पौंडांहून अधिक होते, हे लक्षात घेतल्यास सवलतीचे महत्त्व कळते. अट एवढीच की दोन वर्षे तेथे राहावे, अन्यथा भाड्याची भरपाई करून परतीचा खर्च स्वतः सोसावा.

या योजनेत मुलाच्या स्थानात मूलभूत बदल झाला. लहान मुले असलेले कुटुंब हे एकेकाळी टाळण्याजोगे ओझे होते; आता तेच सर्वाधिक इष्ट मानले गेले. मूल हाच सर्वोत्तम स्थलांतरित, असा विचार त्या काळी उघडपणे मांडला जाई. कारण ते नव्या देशात शिकणार, त्याच देशात काम करणार व परत जाण्याची शक्यता कमी. १९४७ ते १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत सुमारे दहा लाख ब्रिटिश नागरिक या मार्गे गेले.

मात्र आरंभीची जहाजे या धोरणास साजेशी नव्हती. युद्धात अनेक जहाजे बुडाली होती व उरलेल्यांपैकी कित्येक सैनिकी वाहतुकीतून नुकतीच मोकळी झाली होती. पी. अँड ओ. कंपनीचे ‘रांची’ हे १९२५ साली भारताच्या टपाल मार्गासाठी बांधलेले जहाज; युद्धानंतर ते एकाच वर्गाचे स्थलांतरित जहाज म्हणून वापरात आले. ‘जॉर्जिक’ हे १९४१ मध्ये सुएझजवळ बॉम्बहल्ल्यात जळालेले व पुन्हा उभे केलेले जहाजही याच कामी लागले. अशा जहाजांवर पुरुषांच्या व स्त्रियांच्या केबिन वेगळ्या असत. सहा, आठ किंवा त्याहून अधिक जणींच्या केबिनमध्ये अनोळखी स्त्रिया व त्यांची मुले एकत्र राहत. मोठा मुलगा वडिलांकडे झोपे. परिणामी रात्री रडणाऱ्या मुलाची जबाबदारी एकट्या आईवर येई, शिवाय इतरांची झोपमोड होते म्हणून संकोचही तिलाच सोसावा लागे.

जहाजावरील दिनक्रम

मुलांचे जेवण प्रौढांच्या आधी, वेगळ्या पंगतीत होत असे. आईने मुलांना भरवायचे, त्यांना कोणाच्या तरी हवाली करायचे व मग स्वतःच्या पंगतीला धावायचे, असा क्रम दिवसातून तीनदा चाले. पती-पत्नी आळीपाळीने जेवत. समुद्र लागलेल्या दिवसांत या क्रमाचा बोजवारा उडे. आई बिछान्यातून उठू शकत नसे आणि मुले मात्र एक-दोन दिवसांत सावरून खेळू लागत.

दुसरी मोठी अडचण कपडे धुण्याची होती. कागदी लंगोट त्या काळी सर्रास वापरात नव्हते. टॉवेलच्या कापडाचे लंगोट रोज धुवावे लागत. गोडे पाणी ठराविक वेळीच मिळे, धुण्याच्या खोलीत रांग लागे व वाळत घालण्यास जागा अपुरी असे. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य होई. जुन्या जहाजांवर वातानुकूलन नव्हते. अनेक कुटुंबे बिछाने घेऊन डेकवर झोपत. मुलांना घामोळे येई व पोट बिघडे. गोवर, कांजिण्या यांसारखे आजार एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात व रुग्णालयाच्या खोल्या भरत. मात्र देवीची लस, प्रतिजैविके व जहाजावरील डॉक्टर यांमुळे शंभर वर्षांपूर्वीच्या बालमृत्यूंची पुनरावृत्ती झाली नाही.

कठड्याची भीती ही सर्व मातांची समान चिंता होती. चालू लागलेल्या मुलास पट्ट्याने बांधून फिरविणे ही नेहमीची गोष्ट होती. पुढील काळातील जहाजांवर बालवाडीची खोली, खेळण्याचा कुंपण घातलेला डेक, परिचारिका व लहान पोहण्याचा तलाव अशा सोयी आल्या. शालेय वयाच्या मुलांसाठी वर्ग भरविले जात व ऑस्ट्रेलियाविषयी माहिती दिली जाई. वेषभूषा स्पर्धा व विषुववृत्त ओलांडतानाचा सोहळा हे मुलांचे खास दिवस असत.

पोर्ट सैद येथे जहाज थांबले की होड्यांतून विक्रेते भोवती जमत व ‘गली-गली’ म्हणून ओळखले जाणारे जादूगार डेकवर येऊन मुलांच्या कानांतून कोंबडीची पिल्ले काढून दाखवीत. बालपणी हा प्रवास केलेल्यांच्या आठवणींत ही पिल्ले हटकून येतात, तर मातांच्या आठवणींत त्याच बंदरांतील पाणी व दूध यांची काळजी येते. एकाच जहाजावरून एकाच घरातील माणसांनी दोन वेगळे प्रवास केले, असेच म्हणावे लागेल. जेम्स हॅमर्टन व ॲलिस्टर थॉमसन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या स्थलांतरितांच्या मौखिक कथनांचा विस्तृत उपयोग केला आहे. स्थलांतराचा निर्णय नेहमी दोघांचा समान नसे आणि आजी-आजोबांपासून नातवंडांची ताटातूट ही अनेक स्त्रियांची दीर्घकाळची वेदना होती, हे अशा कथनांतून पुढे येते. सुमारे एक चतुर्थांश स्थलांतरित ब्रिटनला परतले व त्यांतील बरेच जण पुन्हा ऑस्ट्रेलियास गेले, ही वस्तुस्थिती त्या वेदनेकडेच बोट दाखविते.

या मुलांपैकी काहींची नावे पुढे जगाला कळली. १९५८ च्या ऑगस्टमध्ये ‘फेअरसी’ जहाजातून गिब कुटुंब निघाले. त्यांतील तीन मुलांनी पुढे ‘बी जीज’ हा गायकवृंद गाजविला व सर्वात धाकटा भाऊ त्या वेळी केवळ पाच महिन्यांचा होता. टोनी ॲबट १९६० मध्ये ‘ओरोन्से’ जहाजातून, तर ज्युलिया गिलार्ड १९६६ मध्ये बालपणीच कुटुंबासह ऑस्ट्रेलियात आल्या. दोघेही पुढे देशाचे पंतप्रधान झाले. गिलार्ड यांना लहानपणी श्वसनाचा विकार झाल्याने उष्ण हवामानाचा सल्ला मिळाला होता. मुलाच्या प्रकृतीसाठी समुद्र ओलांडणे हे १८५२ मध्ये अकल्पनीय होते. १९६६ मध्ये ते शहाणपणाचे ठरले.

पालकांविना प्रवास

याच जहाजांतून पालकांविना पाठविलेली मुलेही गेली. धर्मादाय व धार्मिक संस्थांच्या आश्रमांतील मुले १९४७ पासून पुन्हा ऑस्ट्रेलियास पाठविली जाऊ लागली व ‘अस्टुरियास’ जहाजातून त्यांची एक तुकडी त्याच वर्षी फ्रीमँटल येथे उतरली. अनेकांना आपले आईवडील मरण पावले असल्याचे खोटे सांगण्यात आले होते. त्यांतील कित्येकांच्या वाट्याला पुढे कष्ट व अत्याचार आले. १६ नोव्हेंबर २००९ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी व २४ फेब्रुवारी २०१० रोजी ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी याबद्दल जाहीर क्षमा मागितली. मूल हे राष्ट्रउभारणीचे साधन मानले की त्याच्या स्वतःच्या नात्यांचा विसर कसा पडतो, याचे हे टोकाचे उदाहरण होय.

मुंबई, कोकण व गोवा यांचा संबंध

पी. अँड ओ. च्या ‘स्ट्रॅथ’ नावाच्या जहाजांचा ऑस्ट्रेलिया मार्ग बहुधा मुंबई व कोलंबो येथून जाई. या कंपनीच्या जहाजांवर डेकवरील खलाशी कोकण व गुजरातच्या किनाऱ्यावरचे, तर भोजनगृहातील वाढपी व केबिनचे सेवक बहुतांशी गोमंतकीय असत. मुंबईत धोबीतलाव परिसरातील गोमंतकीय ‘कूड’ हे अशा खलाशांचे दोन सफरींमधील निवासस्थान होते. स्थलांतरित मुलांना लापशी वाढणारे व दुधाच्या बाटलीसाठी गरम पाणी आणून देणारे हात पुष्कळदा याच खलाशांचे होते. त्यांची स्वतःची मुले त्या वेळी गावी वाढत होती.

१९०१ च्या ऑस्ट्रेलियन कायद्यांनी मात्र या माणसांना दार बंद केले होते. त्या वर्षीच्या स्थलांतर निर्बंध कायद्याने आशियाई लोकांच्या स्थायिक होण्यास आळा घातला. त्याच वर्षीच्या टपाल व तार कायद्याने ऑस्ट्रेलियन टपालाचे कंत्राट असलेल्या जहाजांवर केवळ गोरे कर्मचारी असावेत, अशी अट घातली. गोरे बालक विनामूल्य नेले जात होते आणि त्याची सेवा करणाऱ्यास त्याच किनाऱ्यावर वसण्याची मुभा नव्हती. हे धोरण १९६६ पासून शिथिल झाले व १९७३ मध्ये संपुष्टात आले.

जहाजांच्या युगाचा अस्त

१९५६-५७ मध्ये व पुन्हा १९६७ ते १९७५ या काळात सुएझ कालवा बंद राहिला. जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला व प्रवास लांबला. त्याच सुमारास विमानप्रवास स्वस्त होत गेला. लहान मुले असलेल्या कुटुंबांना दीड दिवसाचा विमानप्रवास सोयीचा वाटणे स्वाभाविक होते. १९७३ मध्ये योजनेचे शुल्क ७५ पौंड झाले व १९७७ मध्ये ‘ऑस्ट्रेलिस’ या जहाजाची सेवा थांबल्यावर स्थलांतरित जहाजांचे पर्व जवळजवळ संपले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्थलांतराच्या कायद्यांत मुलाची गणना त्या त्या काळातील आर्थिक गरजेनुसार बदलली. मजूर हवे होते तेव्हा मूल ‘अर्धे’ होते; लोकसंख्या हवी होती तेव्हा ते विनामूल्य प्रवासास पात्र ठरले.

२. बालमृत्यू घटण्यात प्रवासाचा घटलेला कालावधी, स्वच्छता, योग्य आहार व लसीकरण यांचा एकत्रित वाटा होता.

३. धोरण कुटुंबासाठी आखले गेले तरी जहाजाची रचना व दिनक्रम यांमुळे संगोपनाचा भार प्रामुख्याने मातेवर पडला. शासकीय नोंदींत हे श्रम दिसत नसल्याने मौखिक साधनांचे महत्त्व येथे विशेष आहे.

४. या प्रवासास आशियाई खलाशांच्या श्रमांचा आधार होता. परंतु वर्णाधिष्ठित धोरणामुळे त्याचा लाभ त्यांना मिळाला नाही.

मराठी इतिहासलेखनात गिरमिटियांच्या व कोकणी-गोमंतकीय खलाशांच्या कुटुंबांचा अभ्यास याच दृष्टीने होणे आवश्यक आहे. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचा प्रवास आणि सफरीवर गेलेल्या खलाशाच्या मागे गावी वाढणारी मुले, हे दोन्ही विषय अधिक संशोधनाची अपेक्षा करतात. खलाशी कुटुंबांतील वृद्धांच्या आठवणी संकलित करण्यास फार अवधी उरलेला नाही; किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घेतल्यास या विषयाची भारतीय बाजू प्रकाशात येऊ शकेल.